सिरीज बघून झाल्यावर मत कसं सांगायचं, जत्रेतल्या नाटकावर बोलतो तसं

फोंड्याहून पणजीला मी रोज कदंबाच्या बसने जाते आणि त्या तासाभरात निम्म्या बसच्या गप्पा सिरीजच्याच असतात, हिंदी, मराठी, कोरियन, काय वाट्टेल ते. म्हार्दोळला माझी मैत्रीण चढते आणि सीटवर टेकायच्या आधीच विचारते, "गो, ती नवीन बघितलीस?" मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कशी आहे?" आणि इथेच आपण सगळे अडकतो. "मस्त आहे गो, बघच." नाहीतर "कायच नाही त्यात, टाइमपास." झालं, संपलं मत. सहा-आठ तास दिले त्या सिरीजला, रात्री एक वाजेपर्यंत जागलो, सकाळी डोळे चोळत डबे भरले, आणि सांगायची वेळ आली की तोंडातून दोनच शब्द निघतात. समोरच्याला काही कळत नाही आणि आपल्याला आत जे वाटलेलं असतं ते आतच राहतं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि आपल्या गोव्यातल्या माणसाला मत सांगता येत नाही असं तर अजिबात नाही. गावच्या जत्रेतलं नाटक आठवा. रात्री उशिरा पडदा वर जातो, पहाटेपर्यंत चालतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराकडून पाव घेताना, चहाच्या गाड्यावर, तिंट्यावर म्हणजे गावच्या बाजारात लोक काय बोलतात ते ऐका. नुसतं 'नाटक बरं होतं' म्हणून कोणी गप्प बसत नाही. "दुसऱ्या अंकात तो वकील झालेला ना, त्याचं पाठांतर कच्चं, प्रॉम्प्टर मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होता." "बापाचं काम करणाऱ्याने शेवटी पत्र वाचताना घाई केली, जरा थांबला असता तर अख्खा मांडव रडला असता." बघा, ह्यात प्रसंग आला, काय चुकलं ते आलं, काय केलं असतं तर जमलं असतं तेही आलं. आणि हे सगळं बोलतात पण जपून, कारण तो वकील झालेला माणूस संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, भेटणार असतो, त्याची बायको आपल्या आईबरोबर भजनाला बसते. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेची नाटकं बघायला जाणारे तर त्याच्याही पुढे, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, सगळ्याचा हिशेब परतीच्या गाडीतच होतो. म्हणजे ही विद्या आपल्या घरचीच आहे. सिरीजवर बोलताना तीच वापरायची, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ती कशी वापरायची ते मला जसं जमत गेलं तसं सांगते.

आधी सांगा, किती बघितलं आणि कुठल्या भाषेत

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त लोक विसरतात ते. मत सांगायच्या आधी एक वाक्य, "मी पहिला सीझन पूर्ण बघितला, हिंदीत" किंवा "दोनच एपिसोड बघून सोडली". दोन एपिसोड बघून सोडलेल्याचं मत चुकीचं नसतं हां, पण ते दोन एपिसोडांचं मत आहे हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. अर्धवट बघून पूर्ण बघितल्यासारखं बोलणं मला पटत नाही, पहिल्या अंकानंतर घरी जाऊन झोपलेल्या माणसाने तिसऱ्या अंकावर बोलावं तसं ते आहे.

भाषेचं तर नक्की सांगा. कोरियन किंवा स्पॅनिश सिरीज तुम्ही हिंदी डबिंगमध्ये बघितली असेल तर तुम्ही त्या नटाचा आवाज ऐकलेलाच नाही. मग "त्याची ॲक्टिंग थंड वाटली" हे कोणाबद्दलचं मत, त्याच्याबद्दलचं की डबिंगवाल्याबद्दलचं? मला एक सिरीज अजिबात आवडली नव्हती, मग भाच्याने सांगितलं म्हणून मूळ आवाज आणि खाली सबटायटल लावून परत बघितली तर तीच बाई, तोच सीन, पण तिचा आवाज फाटलेला होता, रडून घसा बसल्यावर येतो तसा, आणि डबिंगमध्ये तो गुळगुळीत केलेला. तेव्हापासून मी न चुकता सांगते कुठल्या भाषेत बघितलं ते.

किती वेळ लागतो तेही सांगायला हवं, आपल्याकडे कोणाच्या हातात रिकामा वेळ आहे. 'पंचायत' ह्या हिंदी सिरीजच्या एका सीझनला ८ एपिसोड, अर्धा-पाऊण तासाचे, दोन-तीन रात्रींत होतात. 'ॲडोलसन्स' ह्या इंग्रजी सिरीजचे ४ एपिसोड, तासाभराचा एक, म्हणजे एका रविवारी संपते. पण रोजच्या मराठी मालिकेचं गणित वेगळं आहे. जाहिराती काढल्या तर २२ मिनिटांच्या आसपास एक भाग, आठवड्याला ६ धरले तरी सव्वादोन तास होतात, वर्षाला एकशेदहा तासांच्या वर. एवढा वेळ मागणाऱ्या गोष्टीबद्दल "बघ गो, छान आहे" असं सहज सांगून टाकू नये. डेली सोपबद्दल बोलताना कुठला ट्रॅक चालू आहे, लीपच्या, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेतात त्याच्या, आधीचं बोलतोय की नंतरचं, हे सांगितलं नाही तर दोन माणसं एकाच मालिकेवर भांडत बसतात आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्याच मालिका असतात. पाच वर्षं चाललेली मालिका एकसारखी राहत नाही, मधे लेखक बदलतात, नट बदलतात, त्यामुळे "पहिलं वर्ष बघण्यासारखं, नंतर ताणली" हे अख्ख्या मालिकेला एकच शिक्का मारण्यापेक्षा केव्हाही जास्त खरं.

स्पॉयलर, आणि नेवऱ्या करताना झालेली गोष्ट

चवथीच्या दोन दिवस आधी आजोळी डिचोलीला आम्ही सगळ्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसलो होतो. मावशी लाटत होती, मी सारण भरत होते, मुली कडा कापत होत्या. बोलता बोलता एका क्राइम सिरीजचा विषय निघाला आणि मी म्हणून गेले, "मला तर दुसऱ्याच एपिसोडला त्या दिराचा डाउट आला होता, आणि शेवटी तोच निघाला." मावशीचं लाटणं थांबलं. ती नुसतं "हां" म्हणाली आणि परत लाटायला लागली. नंतर कळलं की ती पाचव्या एपिसोडवर होती, रोज रात्री काका झोपल्यावर एकच एपिसोड बघायची, आणि खुनी कोण ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मनात घोळवत बसायची, तेच तिला आवडायचं. उरलेले ३ एपिसोड तिने बघितलेच नाहीत. "काय बघायचं आता, बाय," एवढंच बोलली, रागावली पण नाही, आणि ती रागावली नाही म्हणून मला जास्त लागलं.

त्यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. समोरच्याने बघितलीय का, आणि कुठपर्यंत, हे विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. न बघितलेल्या माणसाला पहिल्या एपिसोडच्या अर्ध्यापर्यंतचं सांगितलेलं चालतं, गोष्ट कुठे घडते, कोणाची आहे, काय अडचण आली, इथपर्यंत. त्यापुढे फक्त कसं वाटलं ते सांगायचं, काय झालं ते नाही. आणि एक चोरवाट आहे ती पण बंद करायची, "शेवट सांगत नाही, पण असा धक्का बसेल ना!" हा सुद्धा स्पॉयलरच, म्हणजे आधीच सांगून मजा घालवणं. धक्का येणार हे कळलेला माणूस प्रत्येक सीनमध्ये धक्का शोधत बसतो आणि समोर चाललेलं त्याला दिसत नाही. 'पंचायत'चा दुसरा सीझन मी बघितला तेव्हा त्याचा शेवट मला कोणी सांगितला नव्हता, आणि ज्यांनी सांगितला नाही त्यांचे मी आजही आभार मानते, म्हणून इथेही त्यावर एक शब्द लिहिणार नाही.

व्हॉट्सॲपवर लिहायचं असेल तर पहिल्या ओळीत फक्त सिरीजचं नाव आणि 'एपिसोड ५ पर्यंतचं स्पॉयलर आहे' एवढंच लिहा, कारण चॅटच्या यादीत आणि नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळ आपोआप दिसते, माणसाने ग्रुप उघडला नाही तरी. मग दहा-पंधरा ओळी नुसते टिंब देत खाली जायचं आणि त्यानंतर बोलायचं, मेसेज मोठा झाला की व्हॉट्सॲप स्वतःच खालचा भाग झाकून 'रीड मोअर' दाखवतं. टेलिग्रामवर तर शब्द सिलेक्ट करून स्पॉयलर फॉरमॅट लावता येतो, बोट लावल्याशिवाय तो मजकूर दिसत नाही. व्हॉइस नोट मात्र पाठवू नका, लिहिलेलं डोळ्यांनी टाळता येतं, कानावर आलेलं टाळता येत नाही.

एक प्रसंग पकडा

माझ्या ह्या सगळ्या सांगण्यातलं हेच खरं काम आहे, बाकीचं सगळं शिष्टाचार. सिरीज संपली की लगेच फोन हातात घेऊ नका. सकाळी उठल्यावर, चहा उकळत असताना, बघा कुठला सीन डोळ्यासमोर येतो. अख्ख्या सिरीजमधून रात्रभर मागे राहिलेला तो एक सीन, तिथूनच मत सुरू करायचं. स्टोरी सांगत बसू नका, स्टोरी कुठेही मिळते.

आता 'पंचायत' कोणाला सुचवायची असेल तर मी असं सांगते. "एक इंजिनीअर झालेला शहरी मुलगा उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावात पंचायतीचा सचिव म्हणून जातो, पगार वीस हजार, आणि पहिल्याच दिवशी ऑफिसच्या कुलपाची चावी हरवलेली असते. अख्खा एपिसोड त्या चावीच्या मागे जातो. मारामारी नाही, खून नाही, नुसती चावी. ते बघताना तुला मजा आली तर पुढचं सगळं आवडेल, कारण पुढेही असंच आहे, कधी चाकांची खुर्ची, कधी चोरीला गेलेला मॉनिटर. आणि चावीवर तुझा जीव रमला नाही तर तिथेच सोड, नंतर वेग वाढेल म्हणून वाट बघू नकोस." ह्यात मी चांगली म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही, तरी ऐकणाऱ्याला ठरवता येतं. आणि शेवटी मी माझं जोडते, की गोव्यात १९१ पंचायती आहेत, आपल्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी एका दाखल्यासाठी पंचायतीच्या बाकावर बसून सेक्रेटरीची वाट बघितलेली आहे, आणि हा मुलगा त्या टेबलाच्या पलीकडे बसलेला आहे. नीना गुप्ताने केलेली प्रधान, म्हणजे सरपंच, नुसती कागदावर आहे आणि कारभार तिचा नवरा बघतो, ते काम रघुवीर यादवचं, हे बघताना मला कोण आठवलं ते मी सांगत नाही, पण प्रत्येकाला कोणीतरी आठवेल.

माझी शेजारीण, आम्ही तिला वयनी म्हणतो, ती ह्या बाबतीत माझी गुरू आहे. एका मराठी मालिकेतल्या घरात सून नारळ खवतेय असा सीन होता, सगळे त्या सीनमधल्या भांडणावर बोलत होते, आणि वयनी म्हणाली, "ती पार करवंटी लागेपर्यंत खवत होती, काळे कण पडत होते खाली, आणि सासू समोर बसून काही बोलली नाही. आमच्या घरात सासूने भांडण सोडून आधी नारळ हातातून काढून घेतला असता." त्या एका वाक्याने मला कळलं की ते घर खोटं का वाटतं. माणसं चांगली होती, संवाद पण बरे होते, पण त्या स्वयंपाकघरात कोणी रोज जेवण करत नाही हे दिसत होतं. वयनीने मालिकेला वाईट म्हटलं नाही. तिने काय दिसलं ते सांगितलं, आणि मी ती मालिका परत त्या नजरेने बघितली. तुमच्याकडे पण अशी एखादी गोष्ट असतेच जी तुम्हाला इतरांपेक्षा जास्त कळते. नर्स असाल तर सलाइन कुठे लावलंय ते तुम्हाला दिसेल, बँकेत असाल तर लोन कसं पास झालं ते खटकेल, मासे विकणाऱ्या बाईला सुरी धरलेला हात दिसेल. तेच सांगा, ते दुसरं कोणीच सांगू शकत नाही.

टेक्निकच्या बाबतीत सुद्धा हाच नियम. २०२५ च्या मार्चमध्ये 'ॲडोलसन्स' आली तेव्हा जो तो सांगत होता की प्रत्येक एपिसोड एकाच शॉटमध्ये घेतलाय, एकही कट नाही. खरं आहे, पण नुसतं ते सांगून काय होतं, कौतुक होतं कॅमेरामनचं. त्याने तुमच्यावर काय केलं ते सांगा ना. सुरुवातीलाच भल्या सकाळी पोलीस दार फोडून घरात शिरतात आणि तेरा वर्षांच्या मुलाला उचलतात, कॅमेरा त्यांच्याबरोबर वर जातो, खाली येतो, गाडीत बसतो, पोलीस स्टेशनला जातो. कट झाला असता तर मला श्वास घ्यायला मिळाला असता. तो मिळत नाही. त्या मुलाच्या बापाला पण मिळत नाही. माझा मुलगा तेव्हा शेजारच्या खोलीत अभ्यास करत होता आणि मी मधेच उठून एकदा त्याच्या खोलीत डोकावून आले. हे माझं 'ॲडोलसन्स'बद्दलचं मत, ह्याहून चांगलं मला सांगता येत नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार वगैरे द्यायचे तर द्या, पण त्याने कोणाचं काही भागत नाही.

बोली आणि आपला मुलूख

ह्यावर आपण गोव्यातल्या लोकांनी जास्त बोललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. झी मराठीवर २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आली, सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला वाडा, आणि माणसं मालवणी बोलणारी. पेडण्याच्या माणसाला तेरेखोल नदी ओलांडली की तीच बोली कानावर पडते, तिकडे सोयरीक, बाजार, दशावतार सगळं एकमेकांत गुंतलेलं. त्यामुळे कुठल्या नटाचा हेल बरोबर लागला आणि कोणाच्या तोंडात ती पाठ केलेली वाटली हे पेडण्याच्या आजीला जितकं कळतं तितकं मुंबईत बसून लिहिणाऱ्याला कळणं कठीण. पण आजी म्हणते "मला काय कळतं त्यातलं", आणि आपण पण तिला विचारत नाही. विचारा. आणि सांगताना नुसतं 'बोली चुकली' म्हणू नका, कुठला शब्द चुकला आणि आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते सांगा, दोन शब्द पुरेत.

गोवा दाखवतात त्या सिरीजचं पण तेच. किनारा, पार्टी, ड्रग्ज, एखादा पोलीस, आणि सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात. वाईट वाटतं आणि राग येतो, पण रागाने "आमच्या गोव्याची बदनामी" एवढंच बोलून सोडलं तर बाहेरच्या माणसाला आपण नुसते चिडके वाटतो. त्यापेक्षा सांगा की ह्या गोष्टीत फोंडा नाही, सत्तरी नाही, सकाळी सायकलवर पाव घेऊन येणारा पोदेर नाही, शिगमा नाही, घरात मराठी पेपर वाचणारा म्हातारा नाही, पावसात लाइट गेल्यावर वसरीवर येऊन बसणारी माणसं नाहीत. काय नाही ते सांगितलं की काय असायला हवं होतं ते कळतं. आणि एखाद्या सिरीजने खरंच नीट दाखवलं असेल, एखादा रस्ता, एखादी फेरीबोट, तर तेही तितक्याच मोठ्याने सांगा.

नटाला शिव्या घालू नका

खलनायिकेचं काम करणाऱ्या बाईच्या फोटोखाली जाऊन लोक तिला काय काय लिहितात ते मी वाचलंय आणि मला झोप लागली नव्हती. तिने काम चांगलं केलं म्हणून तुम्हाला तिचा राग आला, आणि तुम्ही तिला, तिच्या मुलांना शिव्या देता? तिचं वजन, रंग, वय ह्यावर बोलणं म्हणजे मत नव्हे. इथे जत्रेतलं नाटक आठवायचं. गावात दुष्ट मामाचं काम करणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर बसमध्ये असतो, त्याला कोणी शिवी देत नाही, उलट म्हणतात, "काल तुझा राग आला रे, चांगलं केलंस." टीव्हीतली माणसं पण संध्याकाळी घरी जातात, त्यांच्याबद्दल समोर बसल्यासारखं बोला. पात्राचं नाव घेऊन पात्रावर काय बोलायचं ते बोला, मनसोक्त बोला. नटाचं नाव घेतलं की कामापुरतं बोला, आवाज, नजर, हालचाल, पाठांतर. आणि गोष्टच कच्ची असेल तर दोष लेखनाचा असतो, नटाला ती वाक्यं कोणीतरी लिहून दिलेली असतात.

घरातल्यांशी बोलताना

माझ्या सासूबाई रात्री आठची मालिका चुकवत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना एकदा म्हटलं होतं, "काय बघता हो, रोज तेच तेच." त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी आवाज कमी करून बघत होत्या. तो कमी केलेला आवाज मला अजून ऐकू येतो. नंतर मी त्यांच्या शेजारी बसून विचारायला लागले, ही कोण, ही अशी का वागली, आणि त्या इतकं छान सांगायच्या, कोण कोणाशी खोटं बोललंय आणि कोणाला ते अजून कळलेलं नाही ह्याचा अख्खा हिशेब त्यांच्या डोक्यात. एकदा म्हणाल्या, "एका वाक्यावर सहा जणांचे चेहरे दाखवतात ना, तेव्हा मी भाजी हलवून येते." म्हणजे मालिका ताणलेली आहे हे त्यांना माझ्याआधीपासून कळत होतं. मोठ्यांच्या आवडीवर आपलं मत आपटण्याआधी त्यांचं मत विचारा, बहुतेक वेळा ते आपल्यापेक्षा बारीक असतं.

आणि हे मत पुढे पोचवायचं असेल तर

दूरदर्शनवर १९८४ मध्ये 'हम लोग' लागायची तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, लोकांनी दूरदर्शनला लाखोंनी पत्रं पाठवली होती. तेव्हा पोस्टात पत्र टाकावं लागायचं, विचार करून लिहावं लागायचं. आता सोपं झालंय पण कुठे काय पोचतं ते माहीत असावं. टीव्हीचा टीआरपी, म्हणजे कुठला कार्यक्रम किती लोक बघतात तो आकडा, मोजते ती बार्क नावाची संस्था, २०१५ पासून, देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवलेले आहेत आणि त्यावरून आकडे काढतात, घरातला कोण बघतोय ते बटण दाबून सांगायचं असतं. मराठी चॅनलांसाठी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरतात, म्हणजे आपल्याकडचं मीटरवालं घर त्याच आकड्यात जातं. त्या आकड्याला तुमचा राग कळत नाही, शिव्या घालत बघितलं तरी ते बघितलंच म्हणून मोजलं जातं. म्हणून खरंच नको असेल तर बघणं सोडा. नेटफ्लिक्सवरचा अंगठा वर, दोन अंगठे, अंगठा खाली, हे मुख्यतः तुम्हाला पुढे काय दाखवायचं ते ठरवण्यासाठी असतं, त्याला सविस्तर मत समजू नका.

आणि तक्रार वेगळी, मत वेगळं. 'मला आवडलं नाही' ही तक्रार होत नाही. पण मुलांच्या वेळेला काही भयंकर दाखवलं, कोणाची जात, धर्म, अपंगत्व ह्यावर घाण बोललं गेलं, तर रीतसर तक्रार करा. २०२१ च्या नियमांप्रमाणे टीव्ही चॅनलने तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यायची असते आणि १५ दिवसांत निकाल लावायचा असतो, ओटीटीवाल्यांना, म्हणजे नेटफ्लिक्ससारख्या इंटरनेटवर सिरीज दाखवणाऱ्यांना, पण तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीत तारीख, वेळ, एपिसोड आणि नेमका सीन लिहा. मुलांबरोबर बघायचं असेल तर ओटीटीवर सुरुवातीला ७+, १३+, १६+ असं वय येतं ते बघा, आणि कोणाला सिरीज सुचवताना तेही सांगत जा, आजी-नातू एकत्र बसलेले असताना भलतंच काही निघालं की दोघांची पण पंचाईत होते.

एक राहिलं. तुमच्या सांगण्यावरून कोणी सिरीज बघितली तर आठवड्याने विचारा, कशी वाटली. विचारून गप्प बसा आणि ऐका, "अरे तुला कळलीच नाही" म्हणू नका.

डिचोलीची मावशी परत बघायला लागलीय. फोन केला की आधी आकडा सांगते, "मी चारवर आहे, त्यापुढचं तोंडातून काढू नकोस हां." मग आम्ही चारपर्यंतचंच बोलतो. गेल्या रविवारी एका सीनवर आमचं पंचवीस मिनिटं चाललं होतं, त्यात कोणी काही बोलतच नाही, म्हातारा सासरा मुलाची बातमी ऐकून घरी येतो आणि पायरीवर बसून चपला काढतो. मला वाटलं होतं तो दमलाय. मावशी म्हणाली, "दमलेला माणूस चपला भिरकावतो. त्याने दोन्ही नीट जोडून ठेवल्या, बघ परत. घरात जायचं धाडस होत नाहीय त्याला."